सुरूच्या बनातलं गाऱ्हाणं

मी तहसील कचेरीत कारकून आहे आणि वर्षातून दोनदा पुजारी होतो. दुसऱ्या गोष्टीबद्दल माझी बायको चारचौघांत बोलत नाही.

आम्ही बाराजण आहोत. एक कंपाउंडर, खारेपाटणची एक शिक्षिका, तारकर्लीत लॉज चालवणारं एक जोडपं, असेच सगळे पोटापाण्याला लागलेले. किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात सकाळी जमायचं आणि दिवसभर कुणी राजा, कुणी राक्षस, कुणी चेटकीण होऊन वागायचं. रंगमंच नाही, पाठांतर नाही, प्रेक्षक नाहीत. राज्य कुणाचं हे संध्याकाळपर्यंत खेळूनच ठरतं. तलवारी गादीतल्या फोमच्या. पाणी प्यायचं असेल तर डोक्यावर हात ठेवायचा, म्हणजे तेवढ्यापुरता तो माणूस खेळाबाहेर. माझे गुडघे धावण्याच्या लायकीचे नाहीत, म्हणून मला पुजारी केलं. "पोरांची लग्ना करूची वेळ इली आणि हे तलवारी खेळतत," असं गाव म्हणतं. म्हणू दे. आठवडाभर साहेबाचं ऐकून घेणाऱ्या माणसाला एक दिवस राजाला झापता येतं, यातलं सुख ज्याला कळत नाही त्याची मला कीव येते.

आमच्यावर माहितीपट करायला पुण्याची एक मुलगी आली आणि दोन वर्षं येत राहिली. सुरुवातीला कॅमेरा दिसला की राक्षस पोट आत घ्यायचा. नंतर आम्ही तिला विसरलो, आणि तिथेच माझी चूक झाली.

लढाई सुरू होणार होती. कुणीतरी म्हणालं, पुजाऱ्याने दोन शब्द बोलायला हवेत. मी हातात नारळ घेतला आणि तोंडातून थेट गाऱ्हाणंच आलं. आमच्याकडे कुठल्याही कामाआधी देवापुढे नारळ धरून सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं मागतात आणि जमलेले लोक प्रत्येक मागण्याला होकार भरतात. गावात तो मान माझ्या थोरल्या काकांचा. वडील लवकर गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं. त्यांच्या मागे उभं राहून मी इतक्या वेळा ऐकलेलं, की ठेका, चढउतार, श्वास कुठे घ्यायचा, सगळं त्यांचंच आलं. देव तेवढा आमच्या खेळातला, खोटा.

काकांना यातली थट्टा अजिबात खपत नाही. एका लग्नात कुणी तरी गाऱ्हाण्याची नक्कल केली, तर ते भरल्या पानावरून उठले. त्या माणसाशी ते आजही बोलत नाहीत. माझ्याशी बोलायचे थांबले असते तर मला वडील दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं असतं.

चित्रपट पहिल्यांदा आमच्याच गावातल्या शाळेत दाखवायचं ठरलं. ती मुलगी म्हणाली, "दादा, नको म्हणालात तर तो भाग काढते. पण तुम्ही सगळ्यात खरे तिथेच दिसता." राहू दे, म्हणालो. माझं शौर्य तेवढंच. काकांना आधी सांगून टाकावं म्हणून तीनदा त्यांच्याकडे गेलो आणि तीनदा नुसता चहा पिऊन परत आलो.

रविवारी दुपारी खिडक्यांना चटया लावून वर्गात अंधार केला. मानकरी म्हणून काका पुढच्याच खुर्चीवर. कंपाउंडर राक्षस होऊन धावताना धडपडला तेव्हा शाळा हसून हसून लोळली. काकांचेही खांदे हलत होते. मग पडद्यावर मी आलो.

"बा दर्याच्या राजा, ही बारा जणां आज तलवारी घेवन तुझ्या बनात इली आसत. तेंच्या गुडघ्यांका, कमरांका राख म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" अख्खा वर्ग गरजला. सवयच ती, कुणी ठरवून म्हटलं नव्हतं.

"आणि सांजेक सगळ्यांका परत माणसां करून घराक धाड म्हाराजा!"

या वेळी होकार भरायचं सोडून सगळे काकांकडे बघत होते. ते उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मागोमाग गेलो. काका आंब्याखाली उभे होते.

"कोणाकडसून शिकलंस?"

"तुमचाच आयकान," मी म्हणालो. "काका, चुकलंय."

"चुकलंसच. दर्यात जाणाऱ्यांचा नाव खंय घेतलंस? ता पयला घेवचा."

ते खोकले, मग माझ्याकडे न बघता बोलू लागले. "गेल्या वर्साक धरून माझो आवाज देवळाच्या फुडल्या खांबापर्यंत पोचना नाय. माझो पोरगो मुंबैक. तेका गाऱ्हाणा येना नाय, आणि शिकाचाही नाय. माझ्यामागे देवाकडे कोण बोलतलो, ह्या इचारान माका झोप लागना नाय. आणि तू रे, सुरूच्या झाडांका सांगत फिरतंस?"

"माका वाटला, तुमी रागावलात."

"रागावलंयच. सोमवारी देवळात ये. नारळ मी धरतंय, बोल तू."

सोमवारी देवळात पंधरावीस माणसं होती. होड्या पाण्यात घालायच्या होत्या. मी सुरुवात केली. बनात पाण्यासारखे वाहिलेले शब्द इथे एकेक करून शोधावे लागत होते, कारण इथे डोक्यावर हात ठेवून बाहेर पडायची सोय नव्हती. पहिल्याच, दर्यात जाणाऱ्यांच्या मागण्यापाशी तर मी थांबलोच. काकांनी शब्द पुरवला नाही. नारळ धरून शांतपणे उभे राहिले.

मग शब्द आला. "तेंका सुखरूप किनाऱ्याक लाव म्हाराजा!"

"होय म्हाराजा," लोक म्हणाले, आणि अगदी माझ्या कानाशी एक घोगरा आवाजही म्हणाला. जन्मभर काका मागत आले होते. होय म्हणायची पाळी त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती. मला रडू आलं, पण अजून बरंच मागायचं राहिलं होतं, म्हणून बोलत राहिलो.