आईच्या दाढेखालची पाचर

आईचं तोंड दीड बोटावर आलं होतं. दातांच्या डॉक्टरबाई असंच मोजतात. हाताची बोटं उभी धरायची आणि वरच्या-खालच्या दातांमध्ये किती मावतात ते पाहायचं. निरोगी माणसाची तीन मावतात. वर्षानुवर्षं जेवणानंतर सुपारी चघळून आईचे गाल आतून आवळत गेले होते. महिन्याभरात दोन बोटांवर आलं नाही तर गाल आतून कापावे लागतील, असं डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं. ऑपरेशनचं नुसतं नावही आईला नको होतं. घरी येताच तिनं सुपारीचा डबा शेजारणीला देऊन टाकला.

व्यायाम साधा होता. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत दाढांमध्ये धरायची आणि दोन-तीन दिवसांनी एक काडी वाढवायची. पण काड्या भिजून फुगायच्या, त्यांची कुसं हिरडीत जायची. मी म्हटलं, घरात कारखाना असताना आईनं लाकूड काहून चावायचं? माझा कारखाना म्हणजे इकडे हिंदी मुलखात, खमरियाजवळच्या आमच्या घराची पुढची खोली. तिथल्या मशीनवर मी शहरात कमानिया गेटकडच्या दवाखान्यांसाठी दातांचे साचे बनवते. द्रव रेझिनवर प्रकाश पडतो, पातळ थर घट्ट होतो, थरावर थर चढत वस्तू तयार होते. आईसाठी पायऱ्यापायऱ्यांची पाचर करायची ठरवली. डॉक्टरबाईंना विचारलं नाही.

तोंडात चालणारं चिवट रेझिन माझ्याकडे होतं. त्याचे रेणू लांब, लवचीक. घट्ट झाल्यावरही ते जरा वाकतं आणि दाब सोसतं. पण जानेवारीच्या थंडीत ते काकवीसारखं दाट झालं आणि थर नीट बसेनात. दोन पाचरी अर्ध्यावर बिघडल्या. कोणीही शहाणी बाई बाटली कोमट पाण्यात ठेवून थांबली असती. मला थांबणं जमत नाही, हा माझा जुना रोग. मी त्यात पातळ करणारा द्रव ओतला, चांगला सढळ हातानं. त्या द्रवाचे रेणू आखूड असतात. ते जवळजवळ गाठी मारत जातात, म्हणून वस्तू कडक होते आणि कडक होता होता ठिसूळही. हे ऐन वेळी आठवलं नाही, असं मी म्हणणार नाही. आठवलं होतं. चालून जाईल असं वाटलं.

पाचर सुरेख आली. मग ती बाबांच्या हाती गेली. बाबांची सगळी नोकरी लोखंडाचे भाग तपासण्यात गेली. घरात माठ आला तरी ते टिचकी मारून ऐकतात आणि मगच दुकानदाराला जाऊ देतात. त्यांनी पाचर फरशीवर टाकली. टण्ण आवाज आला.

"वा! चलो, पास," बाबा म्हणाले. "याले दिवसभर ऊन दाखवतो. अजून पक्कं होईल."

उन्हानं ती अजून कडक होणार, हे खरंच होतं. बाबांच्या लेखी कडक म्हणजे मजबूत. माझ्या लेखी नव्हतं, तरी मी गप्प बसले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांचा चेहरा इतका खुलला होता.

चौथ्या दिवशी सकाळी आई अंगणात खुर्चीवर बसली होती, पाचर दाढेखाली. मला आतल्या खोलीत कट् असा आवाज ऐकू आला.

मी धावले. आईचे डोळे विस्फारलेले, एक हात वर. अर्धी पाचर तिच्या मांडीवर पडली होती. उरलेली आत होती आणि आत बघायला वाटच नव्हती.

"गिळू नको! आई, गिळू नको!" मी ओरडले.

बाबांनी तिचं डोकं पुढे वाकवून धरलं. मी एक बोट आत घातलं. गाल पट्ट्यासारखा ताठ. जिभेच्या कडेला धारदार काहीतरी लागलं, निसटलं, पुन्हा लागलं. मी ते खेचून काढलं तेव्हा लाळेबरोबर रक्त आलं.

ताटलीत दोन्ही तुकडे जुळवून पाहिले. तांदळाच्या दाण्याएवढी जागा रिकामी राहिली. मांडीवर, फरशीवर, पदरात, कुठेच तो तुकडा सापडला नाही. एक्स-रेत तो दिसणार नव्हता, कारण क्ष-किरण अडवणारी पूड माझ्या रेझिनमध्ये नव्हती. मला स्वतःची इतकी चीड कधीच आली नव्हती.

ऑटोत आई नाकानं श्वास घेत ताठ बसली होती. रस्त्यात ती एकदा खोकली आणि बाबांनी माझा हात घट्ट धरला.

डॉक्टरबाईंनी बारीक दिवा आत घातला, बराच वेळ शोधलं आणि गालात रुतलेली ती कपची चिमट्यानं बाहेर काढली. ती दातेरी होती.

"ये किसने बनाया?" त्यांनी विचारलं.

माझ्याआधी बाबा बोलले, "मैंने पास किया था, मैडम."

"बनाया मैंने," मी म्हटलं. "पतला भी मैंने किया था."

डॉक्टरबाई आम्हा दोघांना यथेच्छ बोलल्या. गाल भरेपर्यंत आठवडा व्यायाम बंद. महिन्यातला एक आठवडा असा वाया गेला.

मी दुसरी बाटली कोमट पाण्यात ठेवली आणि थांबले. नव्या पाचरीचा नमुना आधी डॉक्टरबाईंना दाखवला, मगच घरी आणला. बाबांनी सवयीनं तो फरशीवर टाकला. थप्. त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी तो उचलून धुतला, स्वतःच्या दाढेखाली धरला आणि कानशिलाची शीर फुगेपर्यंत चावला. नमुना दबला, पुन्हा सरळ झाला. बाबा चावतच राहिले.

"अशीच दुसरी बनव," शेवटी ते म्हणाले. पास म्हणाले नाहीत.

दुसरी घेऊन मी आईसमोर उभी राहिले. तिनं पाचरीकडे पाहिलंही नाही.

"पातळ तं नाही ना केलं तू?"

"नाही."

"पक्कं?"

"पक्कं, आई."

तिनं डोळे मिटले आणि उघडेल तेवढं तोंड उघडलं.

महिनाअखेर डॉक्टरबाईंचं दुसरं बोट जेमतेम आत गेलं. ऑपरेशन टळलं. तरी अजूनही प्रत्येक नवी पाचर तोंडात घेण्याआधी आई तेच विचारते. बाबांना नाही, मला.