बाविसावा तांब्या

मारेगावच्या बाहेर नव्या लेआउटमध्ये कोपऱ्याचा एक प्लॉट आहे. सातबाऱ्यावर त्याचे मालक बावीस. घरामागच्या भाजीच्या तुकड्याला इकडं सांदवाडी म्हणतात. ही सगळ्यायची सांदवाडी. घरं पाळीनं पाणी देतात. ज्यानं पाणी दिलं त्यानं त्या दिवशी तोडायचं नाही, तोड शेजारच्या घराची. आपल्या हातचं वांगं आपल्या ताटात कधी येत नाही.

काही ठरवायचं असलं की हात वर करत नाहीत. प्रत्येक घर तांब्याभर पाणी आणतं. पटलं तर गोडनिंबाच्या बुडाशी ओततं, नाही पटलं तर भरला तांब्या परत नेतं. एक जरी परत गेला तरी ठराव पडतो. या कढीपत्त्याच्या झाडाचा पसारा पाहिला की लेआउटमध्ये एकमत किती वेळा झालं ते कळतं.

सातबाऱ्यावर सतरावं नाव पंचफुलाबाईचं. वय सत्तरीचं, नवरा धर्मपाल जाऊन सहा वर्षं झाली, घरात एकटीच. चाळीस वर्षं तिनं लोकांच्या वावरात निंदण केलं, कापूस वेचला, भाकर दुसऱ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून खाल्ली. सातबारा आला तेव्हा समोरच्या साधनाकडून तिनं आपलं नाव दोनदा वाचून घेतलं होतं. कोणी विचारलं तर ती अजून सांगते, "सतरावी मी."

या हिवाळ्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. रविवारी पाळी तिची होती. सकाळी सगळे सांदवाडीत जमले. सदाशिवराव उभे राहिले. पंचफुलाबाई वीस वर्षं निंदायला जायची ते वावर त्यांचंच. आता दोघांची भिंत एक आहे.

"पंचफुलाबाईची पाळी माफ," ते म्हणाले. "भाजी घरपोच भेटन. त्यायनं बसून खावं."

मनापासून बोलले होते. एकवीस तांबे रिकामे झाले. बाविसावा खुर्चीवर बसलेल्या पंचफुलाबाईच्या मांडीवर भरलेलाच राहिला.

"वता न, मावशी," साधना म्हणाली. "तुमच्याच भल्याचं हाये."

"माफ कायले? म्या काय गुन्हा केला?"

"बाई, गुडघा पाहा तुमचा," सदाशिवराव म्हणाले.

"गुडघ्यानं पाणी देतेत काय, भाऊ? तुमच्या वावरात होती तवा एक ओळ माफ नाई केली कधी. आता मालकीण झाली तं माफ करून राह्यले."

माणसं हसली. सदाशिवरावही हसले, जरा उशिरानं.

ती उठली. एका हातात काठी, दुसऱ्यात तांब्या. साधना पुढं झाली, पण काठीचं टोक आडवं आलं तशी थांबली. वांग्याच्या वाफ्यापर्यंत वीस-बावीस पावलं. पाणी हिंदकळत होतं, लुगडं भिजत होतं, आणि जमिनीवर मागं ओल्या ठिपक्यांची ओळ उमटत होती. उरलेलं पाणी तिनं एका झाडाच्या बुडाशी ओतलं.

"झाली माझी पाळी."

"तांब्याभर पाण्यात?" कोणीतरी म्हणालं.

"अर्धाच होता," दूधवाला नेमसिंग म्हणाला. तो मापात चुकत नाही.

सगळ्यांनी सदाशिवरावांकडं पाहिलं, कारण पाळीचा नियम त्यांनीच घातला होता. ते त्या हातभर ओल्या मातीकडं बघत राहिले.

"नियमात पाणी म्हटलं हाये," ते शेवटी म्हणाले. "किती, ते नाई म्हटलं."

"मंग?"

"मंग काय. शेजारचं घर माझं. आजची तोड माझी."

त्यांनी टोपी काढली, उलटी धरली आणि वाफ्यात वाकले. साधनानं खुर्ची उचलून धुऱ्यावर आणून ठेवली. पंचफुलाबाई बसली, काठी आडवी घेतली. ऊन कोवळं होतं, आणि तिच्या ओल्या पदरातून हलकी वाफ निघत होती.

"कवळी नका तोडू, भाऊ."

"नाई तोडत."

टोपी अर्धी भरली. सदाशिवराव ओळीच्या टोकाला पोचले, कमरेवर हात ठेवून सरळ झाले.

"भाऊ," धुऱ्यावरून आवाज आला, "मागं पानाखाली एक राह्यलं."

सदाशिवराव वळले आणि पुन्हा वाकले.