मारोतीमामांची शून्यं

मारोतीमामा गेल्याचं मला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. झरी गावाजवळच्या प्रयोगासाठी केलेला जुना ग्रुप. दोन वर्षं त्यात कुणी काही लिहिलं नव्हतं. मी जोडलेले हात टाकले आणि फोन पालथा ठेवला. त्याहून जास्त लिहायचा मला हक्क नव्हता... का नव्हता, ते आता महिन्याभरानं सांगते आहे.

मी कीटकशास्त्राची विद्यार्थिनी. मामांच्या कपाशीत आम्ही गुलाबी बोंडअळीसाठी पाच कामगंध सापळे लावले होते. सापळ्यातल्या छोट्या गोळीला मादी पतंगाचा वास असतो. त्या वासानं नर येतात आणि खालच्या पिशवीत अडकतात. रोज सकाळी पतंग मोजून वहीत लिहायचं काम मामांचं. तीन आठवड्यांनी गोळ्या बदलायचं काम माझं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. मामा फोनवर "एकोणसाठ" म्हणाले, की मी "म्हणजे किती?" विचारायचे. "साठाला एक कमी, मॅडम. एवढं शिकल्या अन् गिनती न्हाई येत व्हय?" मला कुणी चिडवलेलं आवडत नाही. त्यांचं आवडायचं.

दिवाळीला मी घरी गेले आणि गोळ्या बदलायच्या राहून गेल्या. परतले तेव्हा वहीत सलग आठ दिवस शून्य. "गोळीचा वास सरला का काय, मॅडम?" मामांनी विचारलं. "नाही मामा, बदलल्यात मी." दुसऱ्या दिवशी माझे मार्गदर्शक सर पाहणीला येणार होते, एवढ्याच भीतीनं मी ते बोलले. मामा हातातल्या पिशवीकडे बघत राहिले. "मंग मलाच दिसंना झालं आसंल."

सरांनी वही पाहिली. शेजारच्या शेतातले सापळे तर भरलेले. "घरी बसून लिहितात की काय हे?" त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं. "माहीत नाही, सर," मी म्हणाले. मोजणी गावातल्या दुसऱ्या एकाकडे गेली. त्याच संध्याकाळी मी गुपचूप गोळ्या बदलल्या, आणि नव्या माणसाच्या पहिल्याच सकाळी पिशव्यांत पतंग सापडले. मामांवरचा संशय असा मीच पक्का केला. माझ्या प्रबंधात ते आठ दिवस 'नोंद विश्वासार्ह नाही' म्हणून वगळले आहेत. मामा मात्र पुढेही बांधावर भेटले की चहा घेतल्याशिवाय जाऊ द्यायचे नाहीत...

ते गेल्यावर मी सरांना खरं सांगितलं. "आता राहू दे," ते म्हणाले. मग मी एसटीनं मामांच्या घरी गेले. मामींनी ओळखलं.

"तुमच्याच कामापायी चष्मा केल्ता की त्यायनं. डाक्टर म्हनले, डोळे चांगले हायेत, कशाला पायजे? तर हे म्हनले, मॅडमनं गोळी बदलली व्हती, त्या कशाला खोटं बोलतेल? मलाच दिसंना."

"मामी, मी बदलली नव्हती."

चुलीवरचं दूध वर आलं. मामींनी ते उतरवलं, झाकलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मंग हे त्यायला सांगायचं व्हतं, बाई."

भिंतीतल्या देवळीत चष्मा होता. मामींनी तो घेतला, पदरानं दोन्ही काचा पुसल्या आणि काड्या मिटून परत ठेवला. "रोज पुसून ठिवायचे," त्या म्हणाल्या. "घालून बी लय दिसतंय असं न्हाई, म्हनायचे."