उलटी बगली द्यायला गेलो

नामपूरहून सकाळच्या एसटीने निघालो. पिशवीत भाकरी, ठेचा आणि एरंडेल तेलाची बाटली. आमच्या गावात मल्लखांबावर आता कुणी चढत नाय. वस्तादाने दिलेली उलटी बगली (काखेत खांब दाबून अंग वर फेकायची पकड) माझ्यापाशीच पडून राहिली. नात मनीषा नाशकात पोल फिटनेस शिकवते. तिचा फोन आला, "आजोबा, तुमची बगली शिकवा ना." मी मेलो की ही पकडही संपली. म्हणून निघालो.

शेजारच्या सीटवरच्या माणसाने विचारलं, "कोठे जाई राहिनात आप्पा?" (कुठे चाललात)

"नातीला मल्लखांब शिकवायला."

"या वयमा?" तो हसला. मी चांदवडपर्यंत खिडकीकडे तोंड फिरवून बसलो.

नाशकात अंबडला कारखान्यांच्या रांगेतून रिक्षा गेली. वरच्या मजल्यावर हॉल, भिंतीला आरसे, जमिनीपासून छतापर्यंत चकचकीत लोखंडी दांडे. पोरी उलट्या लटकून गप्पा मारत होत्या, जशा काय ओट्यावर बसल्यात. लय बरं वाटलं. बाटली काढली आणि दांड्याला तेल चोळलं. कोरड्या खांबावर चढायचं नाय, ही आमची रीत.

"आजोबा, काय केलंत!" मनीषा धावत आली. "इथे कातडी चिकटली तरच माणूस टिकतो. तेलावर कुणी चढलं तर मान मोडेल."

पोरींनी स्पिरिटने दांडा पुसला. एक म्हणाली, "आजोबांनी फोडणीच दिली!" सगळ्या हसल्या. मीही हसल्यासारखं केलं.

मग स्वतः दाखवायला उभा राहिलो. उजवा हात खांद्याच्या वर गेलाच नाय.

"तोंडाने सांगा," मनीषा म्हणाली.

काय सांगू? वस्ताद कधी सांगायचा नाय. चुकलं तिथे थापट मारायचा, अंगाला कळायचं. मी मनीषाच्या बरगडीवर थापट मारली, "इथून उचल." ती चढली, घसरली, पुन्हा चढली. शेवटी खाली उतरली. काख लालबुंद झालेली.

"आजोबा, हा दांडा मनगटाएवढा. काखेत भरतच नाही. तुमची पकड यावर नाही होणार."

"तुझाच जोर कमी पडतो," मी म्हणालो.

ती दांडा पुसू लागली. तिचं खरं होतं.

परतीच्या गाडीत देवळ्यापर्यंत डोळे मिटून बसलो. माणूस गेला की त्याची भांडी, घोंगडी कुणी ना कुणी वापरतं. अंगात मुरलेलं कुणाच्या हाती देता येत नाय.

नामपूरच्या स्टँडवर चहावाल्याने हाक मारली, "आप्पा, शिकनी का पोर?" (शिकली का पोरगी)

"शिकनी," मी म्हणालो, आणि मान ताठ ठेवून घरी चालू लागलो.