दहापैकी किती दुखतंय?

दुखण्याच्या दवाखान्यात हसू येतं हे कुणाला पटत नाही. पण मी अकरा वर्षं तिथे फिजिओथेरपिस्ट आहे, आणि लग्नकार्यात मैत्रिणी भेटल्या की आधी स्वतःची कंबर दाखवतात आणि मग विचारतात, "नवीन काय घडलं गं तुमच्याकडे?" घरात रद्दी साठते तसे हे किस्से साठतात. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण बघावं तर माळा भरलेला. त्यातले निम्मे त्या ऑनलाइन फॉर्मचे आहेत.

*

आमचा दवाखाना नारायण पेठेत पहिल्या मजल्यावर आहे. बावीस पायऱ्या, लिफ्ट नाही, आणि पेशंट सगळे पाठ, कंबर, गुडघेवाले! याबद्दल कुणी बोललं की आमच्या डॉक्टर मॅडम शांतपणे सांगतात, "चढून आलात ना? निम्मी तपासणी झाली."

फॉर्म बनवला निखिलने. निखिल मूळचा अमरावतीचा, नोकरी खराडीला आयटीत, आणि मान दुखते म्हणून आमचाच पेशंट. फोनवर लिंक जाते, पेशंटने दर बुधवारी घरबसल्या भरायचा. कुठे दुखतं, कशाने वाढतं, झोप लागते का, आणि सर्वांत शेवटी, शून्य ते दहापैकी किती दुखतं. सात किंवा वर गेलं की माझ्या यादीत नाव लाल होतं आणि मी त्याच आठवड्यात बोलावते. खाली असेल तर महिन्याची वेळ.

पहिल्याच बुधवारी सदाशिव पेठेतल्या एका आजोबांचा फॉर्म आला. 'दुखणे कशाने वाढते?' या प्रश्नापुढे त्यांनी लिहिलं होतं, "आपल्या जिन्याने."

मॅडमनी तो वाचला आणि निखिलला फोन करून पर्यायांच्या यादीत 'जिना' टाकायला सांगितलं. पुढच्या आठवड्यात एकोणीस जणांनी तो निवडला. लिफ्ट अजून नाही.

*

फॉर्ममध्ये माणसाचं एक चित्र होतं. जिथे दुखतं तिथे बोट लावायचं. वाघोलीहून एक मावशी यायच्या, त्यांच्याकडे साधा फोन, म्हणून त्यांचा फॉर्म मी टॅबवर भरून घ्यायचे. त्यांनी चित्राकडे पाहिलं आणि हात पदराखाली घेतला.

मी म्हटलं, मावशी, कंबर दुखते ना, मग इथे बोट लावा.

"दुखतीया माझी कंबर," मावशी म्हणाल्या. "ह्या बाप्याच्या कंबरंला म्या कशापायी हात लावू?"

निखिलने आठवड्याभरात बायकांसाठी वेगळं चित्र केलं. मावशींनी ते पसंत केलं, पण कंबरेला बोट लावताना दबकतच लावलं. तिलाही दुखेल, असं त्यांना वाटलं असावं.

*

आता साठे सर. माझा जीव खरा अडकला होता तो यांच्यात.

सर गणिताचे शिक्षक, निवृत्त होऊन चौदा वर्षं झालेली. बोर्डाचे पेपर तपासण्यात हयात गेली. कंबरेतून डाव्या पायात कळ जायची. बावीस पायऱ्यांना त्यांना दहा मिनिटं लागायची, मधल्या वळणावर भिंतीला टेकून उभे राहायचे. मागे साठे काकू, खांद्याला फायलींची पिशवी. एका हाताने सरांचं कोपर धरायचं, दमल्या की पिशवी उजव्या खांद्यावरून डाव्यावर घ्यायची. संध्याकाळी ओंकारेश्वराच्या देवळापर्यंत चालत जायचा दोघांचा नेम होता, तो सुटला होता. मणक्यात एक इंजेक्शन दिलं की बराच आराम पडेल, असं मॅडमचं मत होतं.

आणि सर फॉर्ममध्ये दर बुधवारी लिहायचे, चार.

मॅडमची एक अट होती. पेशंट स्वतः चार म्हणतोय तर त्याच्या मणक्यात सुई घालायची नाही. त्यामुळे एकदा, दोनदा, तीनदा सर महिन्याच्या रांगेत गेले. मी शेवटी विचारलं, सर, अहो पाय टेकवत नाही तुम्हाला, आणि चार?

"चार म्हणजे पास," सर म्हणाले. "सात द्यायला पायरीपायरीने रीत दाखवावी लागते. नुसतं कण्हण्याला मार्क नसतात."

मी चेष्टेने विचारलं, मग दहापैकी दहा कुणाला दिलेत कधी? सरांनी माझ्याकडे मी कॉपी करताना सापडल्यासारखं पाहिलं. काकूच म्हणाल्या, "सख्ख्या मुलीलासुद्धा नाही दिले."

*

त्याच सुमारास मला निखिलचा फोन आला. आवाज रडवेला. "मॅडम, एकाच फोनवरून दोन-दोन फॉर्म येऊन रायले. आधी नऊ, मंग चार. काहून होते ते समजूनच नाही रायलं."

दोन दिवस तो खुर्चीतून न उठता बिघाड शोधत बसला. तिसऱ्या दिवशी बुधवार. त्याने स्वतःचा फॉर्म भरला, मानेला आठ दिले, नाव लाल झालं आणि मी नियमाप्रमाणे त्याला बोलावून घेतलं. बावीस पायऱ्या चढून आला तो मान एका बाजूला धरून. "माह्याच फॉर्मनं मले बोलावलं, मॅडम."

बिघाड कसला! फोन साठ्यांच्या घरचा होता, काकूंना विचारल्यावर सगळं कळलं. सर अंघोळीला गेले की काकू नऊ भरायच्या. सर बाहेर येऊन फोन तपासायचे आणि पुन्हा फॉर्म भरून चार करायचे, आणि आमच्याकडे शेवटचा आकडाच धरला जायचा. पेपर पुन्हा तपासायचा त्यांचा हात काही सुटला नव्हता.

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. असंच चाललं तर सर अंथरुणाला खिळेपर्यंत चारच लिहिणार होते.

*

मॅडमनी दोघांना समोर बसवलं. रागावल्या नाहीत. सरांना फक्त एवढंच विचारलं, की बोर्डाच्या पेपरात तुम्ही दिलेले मार्क म्हणजे शेवटचे असायचे का?

सर म्हणाले, छे, वर मॉडरेटर असतो. तो निवडक पेपर पुन्हा बघतो.

"आणि त्याने मार्क बदलले तर?"

"बदलले तर बदलले. मॉडरेटरशी हुज्जत घालायची नसते."

मॅडमनी पेनाने काकूंकडे खूण केली. "ह्या आमच्या मॉडरेटर."

सरांनी चष्म्यावरून एकदा काकूंकडे पाहिलं. मग म्हणाले की नियमच तसा असेल तर प्रश्न मिटला. काकूंनी साडेआठ सांगितले. सर म्हणाले, अर्धा चालणार नाही, पूर्णांकात द्या. काकूंनी नऊ दिले. नाव लाल झालं तेव्हा मला अगदी निकाल लागल्यासारखा आनंद झाला. पुढच्या गुरुवारी इंजेक्शन झालं. निखिलने फॉर्ममध्ये कायमचा एक प्रश्न वाढवला : 'घरच्या माणसाच्या मते दहापैकी किती?'

*

दीड महिन्याने सर आले. बावीस पायऱ्या दोन मिनिटांत, मध्ये न थांबता. पिशवी आज त्यांच्या खांद्यावर होती. ओंकारेश्वर पुन्हा सुरू झालं असेल, असं मी म्हटलं तर मान हलवली, पण त्यांचं लक्ष नव्हतं. काकू वर पोचल्यावर ते काउंटरशी आले आणि नवीन पेशंटचा फॉर्म इथेच भरायचा का, असं विचारलं.

मी टॅब दिला. त्यांनी तो काकूंपुढे ठेवला.

काकू ओशाळल्या. म्हणाल्या, मला काही नाही गं, खांदा जरा धरतो, वर्ष झालं असेल, ह्यांचं आपलं उगाच. डाव्या हाताने चित्रातल्या बाईच्या उजव्या खांद्याला बोट लावलं, उजवा तेवढा वर होत नव्हता. दहापैकी किती, यापुढे त्यांनी एक लिहिला.

शेवटचा प्रश्न घरच्या माणसाचा. सरांनी चष्मा पुसला, पहिल्या प्रश्नापासून सगळं सावकाश वाचलं, आणि आकडा भरला.

काकूंनी वाकून पाहिलं. "अहो, दहा?"

सरांनी टॅब माझ्या हातात दिला. "अगं, मॉडरेटरशी हुज्जत घालायची नसते."