उंदीर की माणूस?

मालतीबाई गेल्याचा फोन त्यांच्या भाचीने सकाळी सात वाजता केला. फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आज खालच्या फळ्यावर कोण लिहिणार... मग स्वतःचीच लाज वाटली. त्याला आता दीड महिना होईल. इतके दिवस पुण्यातल्या आमच्या वारज्याच्या सोसायटीत त्या फळ्याला खडू लावायला कुणी धजावलं नाही.

खरं तर तो फळा पाणी कधी येणार नाही हे कळवण्यासाठी होता. माझ्यासमोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर मालतीबाईंनी त्याचा अर्धा भाग बळकावला आणि रोज तिथे चार ओळींत विज्ञानाची एक बातमी लिहायला लागल्या. त्या शास्त्रज्ञ नव्हत्या. एका संशोधन संस्थेच्या उंदीरखान्यात त्यांनी सगळी नोकरी काढली. पांढऱ्या उंदरांना खायला घालायचं, पिंजरे साफ करायचे, वजनं लिहून ठेवायची. पण समजावून सांगण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळल्याची बातमी आमचे वॉचमन मोरे यांच्या डोक्यावरून गेली, तेव्हा बाईंनी दोरीवरच्या चादरीचं एक टोक धरून झटकलं. ‘‘लाट त्या टोकाला पोचली ना? तशीच तिकडची धडक इकडे पोचली. फक्त इतकी बारीक, की मोजायला काही किलोमीटर लांबीचं यंत्र लागलं.’’

‘‘आन् आपल्याला कळलं बी न्हाई!’’ मोरे हळहळले.

बाईंचा एक नियम होता. चूक जेवढ्या मोठ्या अक्षरात, दुरुस्तीही तेवढ्याच मोठ्या अक्षरात. चांद्रयान उतरलं त्या दिवशी आनंदाच्या भरात त्यांनी ‘चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर’ असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर : ‘दुरुस्ती : ध्रुवावर नव्हे, ध्रुवाजवळच्या भागात.’ एवढ्याशा फरकाने काय बिघडतं, असं मी विचारलं. ‘‘काही नाही. वारज्यात राहून डेक्कनला राहतो म्हणून सांगावं, तेवढंच बिघडतं,’’ बाई म्हणाल्या. मी माझ्या बहिणीच्या सासरी भाव मारायला नेमकं तेच सांगितलेलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं.

नव्या औषधाची बातमी मात्र त्या सहजासहजी लिहीत नसत. कुणी कौतुकाने सांगायला आलं, की चष्म्यावरून बघत विचारायच्या, ‘‘उंदीर की माणूस?’’ उंदरांचे कितीतरी आजार बरे झालेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यातली किती औषधं माणसापर्यंत पोचली, हेही त्यांनी पाहिलं होतं.

मग त्यांच्याच स्वादुपिंडात गाठ निघाली. उपचार थांबवून डॉक्टरांनी घरी पाठवलं, त्या आठवड्यात मला पेपरात एक बातमी दिसली. अशीच गाठ, नवं औषध, गाठ विरघळली. मी कात्रण घेऊन धावत गेले. चष्मा उशाशी ठेवून बाई पडल्या होत्या. मी मथळा वाचला.

‘‘उंदीर की माणूस?’’

मी खाली बघत हळूच म्हणाले, ‘‘माणूस.’’

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, ‘‘अहो नीलाताई, मग ठेवून जा ते कात्रण.’’ त्या दिवशी त्यांनी मऊ भाताचे चार घास जास्त खाल्ले. मला वाटलं, त्यांनी विश्वास ठेवला. पुढे त्या विषयावर आम्ही बोललो नाही... नवव्या दिवशी त्या गेल्या.

परवा भाचीने घर आवरताना त्यांच्या चष्म्याचं घर मला आठवण म्हणून दिलं. आत घडी घातलेलं ते कात्रण होतं. तिसऱ्या परिच्छेदातल्या ‘उंदरांवरील’ या शब्दाखाली लाल पेन्सिलीची सरळ रेघ होती. म्हणजे ते चार घास माझ्यासाठी होते. मी जिन्यातच बसून रडले.

काल सकाळी खडू घेऊन खाली गेले. बाईंच्या अर्ध्या भागात लिहिलं : ‘दुरुस्ती : ते औषध उंदरांवर होते. माणसांवर अजून नाही.’

मोरे जवळ येऊन वाचत राहिले. ‘‘कुठलं औषध हो, ताई?’’

‘‘बाईंना कळलंय,’’ मी म्हणाले. त्या दिवशी बाईंशी खोटं मी अगदी हळू आवाजात बोलले होते. तरी अक्षर मोठंच काढलं, गेटपासून वाचता येईल एवढं.