खारींनी लावलेले क्रोकस

मागच्या महिन्यात एका शनिवारी सकाळी आमच्या दाराची बेल वाजली... आणि आई दचकली. नागपूरहून अमेरिकेत, आमच्या कॅरी गावाला येऊन तिला पाच आठवडे झाले होते, आणि एवढ्या दिवसांत बेल पहिल्यांदाच वाजत होती.

तिला घोर होता तो हाच. नवरा ऑफिसला गेला की मी दिवसभर घरात एकटी, व्हिसामुळे नोकरी करता येत नाही, ड्रायव्हिंगची भीती... "तुझ्या ओळखीचं इथे कोणीच नाही का गं?" असं रोज विचारायची. दहा दिवसांवर परतीचं विमान होतं आणि मला असं सोडून जायला तिचं मन तयार नव्हतं.

खरं तर तिच्यासाठीच मी नोव्हेंबरात क्रोकसचे चाळीस कंद लावले होते. थंडी संपायच्या आधीच फुलतात, म्हणजे नेमके ती इथे असताना. फोनवर फुशारकीही मारून झाली होती. पण दुसऱ्याच दिवशी खारींनी अख्खा वाफा उकरून ठेवला... आई आल्यावर मी सरळ थाप मारली, यंदा उशीर होतोय म्हणून.

तर दारात शेजारची डोरोथी. सत्तरीची, एकटी राहते. दोन वर्षांत आमचं 'हाय'च्या पुढे गेलं नव्हतं... आमच्या फोडणीचा वास तिला आवडत नसणार, हे मीच ठरवून टाकलं होतं. ती म्हणाली, "आय थिंक आय हॅव युवर फ्लॉवर्स."

तिच्या लॉनमध्ये पार मेलबॉक्सपर्यंत जांभळी-पिवळी फुलं वाट्टेल तिथे उगवली होती. खारींनी आमचे कंद नेऊन तिच्याकडे पुरले आणि विसरून गेल्या. कोणाचा पाय पडू नये म्हणून तिने प्रत्येक फुलाशेजारी आइस्क्रीमची काडी खोचली होती. मला कंद लावताना तिने खिडकीतून पाहिलं होतं म्हणे, पण बोलायला तिलाही संकोच वाटला.

आईला इंग्लिश येत नाही, डोरोथीला मराठी. तरी दोघी तासभर त्या फुलांपाशी बोलत होत्या... काय ते त्यांनाच ठाऊक. त्यानंतर रोज चारला डोरोथी आमच्याकडे चहाला. फोडणीचे पोहे तर तिने दोनदा मागून घेतले, आणि मी मनातल्या मनात शरमले.

एअरपोर्टवर आई रडेल म्हणून मी रुमाल घेऊन उभी. ती फक्त म्हणाली, "आता मी निर्धास्त जाते." रडले ती मीच.

आता दर रविवारी मी फोन लावला की ती आधी डोरोथीची चौकशी करते, मग माझी... आणि मला त्याचं इतकं बरं वाटतं म्हणून सांगू.